पैलवानाचा डबा

लोणावळा
२० फेब्रुवारी २०२५

मावशी,

तुझ्या बऱ्या पायाला नमस्कार. प्लास्टरातल्या पायाची लांबूनच विचारपूस करतो. फोनवर तुला ऐकू येत नाही, तू "हॅलो, हॅलो" करतेस आणि माझ्यावरच चिडून फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. गेणूआबांचा दुधाचा टेम्पो रोज लोणावळ्याला येतो. ते म्हणाले, "दे इकडं, जाताना बेडशात टाकतो." उत्तर त्यांच्याकडेच दे.

तू सांगितलंस तसं कुरवंड्याला जाऊन सविताताईला आणि बाळाला बघून आलो. जायचं होतं सोमवारी, पण निघालो तर भुशीच्या रस्त्यावर एक घोडा भेटला. पावसाळ्यात पोरांना पाठीवर बसवून फिरवतात, त्यातला. आता तिकडे कुणी फिरकत नाही म्हणून मालकाने मोकळा सोडलेला, आणि हा गडी चालला सरळ हायवेला. त्याला गोडीगुलाबीने वळवून मालकाकडे नेईपर्यंत दुपार गेली. मालकाने चहा पाजला, कामाला येतोस का विचारलं. मी म्हटलं बघू. सध्या पवनेच्या काठावर तंबू लावायचं काम धरलंय, पण तिथला मुकादम फार बोलतो. घोडा बरा, तो बोलत नाही. फक्त त्याचा डावा कान अर्धा आहे. का अर्धा, त्याची मोठी गोष्ट मालकाने सांगितली, ती भेटल्यावर सांगेन.

घरी दाजी नव्हते, ते रिसॉर्टवर लायटीच्या कामाला गेलेले. ताईच्या सासूबाई आक्काबाई होत्या, आणि ताईचा धाकटा दीर विक्की. विक्कीने पोलीसभरतीचा नाद सोडून कुस्ती धरली आहे. अंगणात माती टाकून आखाडा केलाय. पाडव्यानंतर जत्रा आहे, त्यात उतरणार म्हणतो. सगळी आळी त्याला आता पैलवानच म्हणते. आक्काबाई त्याला आंबट म्हणून काही खाऊ देत नाहीत. ताक बंद, चिंच बंद, लोणच्याची बरणी कुलपात. आंबटाने बाप्या माणसाचं पाणी होतं म्हणे. मी तिथे बसून दोन वाट्या ताक प्यायलो. मला कुणी अडवलं नाही.

तर बाळ. नाक ताईचं, रंग दाजींचा. फार रडत नाही. ताई बरी आहे म्हणाली. आईचा पाय मोडला नसता तर बाळंतपण माहेरी झालं असतं असं एकदा म्हणाली, मग दुसरं काहीतरी बोलायला लागली. मोबाईलवर बाळाचा फोटो काढला होता, तो दुकानातून छापून आणलाय. सोबत आहे.

तुझा
आदिनाथ


बेडसे
२४ फेब्रुवारी

आदिनाथ, आशीर्वाद.

पत्र पोचलं. त्यात निम्मा घोडा. माझा चष्मा जुना झालाय, जास्त वाचलं की डोळ्यातून पाणी येतं. म्हणून घोडा दिसला तशी मी खाली उडी मारली अन् नातीचं तेवढं वाचलं. मधलं कवातरी सवडीनं वाचीन.

फोटो देवापाशी ठेवलाय. काय मुठी आवळून पडलीया, जणू आता शड्डू ठोकून उतरतीया आखाड्यात. शेजारच्या समद्या बायांना दाखवला. म्हणलं, बघा आमचा पैलवान.

सविता बरी हाय म्हणती ते मला पटत न्हाई. ती ताप आला तरी बरी हाय म्हणती. पयलं बाळंतपण माझ्याकडं व्हायचं, तर मी हितं पाय लांब करून बसलीय. पण बसून हात चालत्यात. डिंक तळला, खोबरं भाजलं, खारीक शेजारणीनं कुटून दिली. हळीव घातलं, तूप घरचं. लाडू वळताना कंबर मोडली, पण वळलं.

डबा गेणूआबाकडं दिलाय. पैलवानाचा डबा हाय, वेळंवर पोचव. वाटंत घोडा भेटला तरी थांबू नकोस. रोज सकाळी दोन लाडू, वर कपभर दूध. घरात सगळ्यांना माझं नाव घेऊन सांग, यात वाटेकरी नको. पैलवान धष्टपुष्ट झाला पायजे. बाकी कुणी काय खाल्लं मला देणंघेणं न्हाई.

मावशी


लोणावळा
३ मार्च

मावशी,

घोडा भेटला नाही. डबा पोचला.

तंबूचं काम सोडलं. आता कामशेतच्या डोंगरावर आहे. तिथे माणसं कापडी पंख लावून कड्यावरून उडतात. ती वर असतात तेव्हा त्यांची रिकामी पिशवी घेऊन खाली जिथे उतरतील तिथे पळत जायचं, हे माझं काम. ते कुठे उतरतील हे त्यांनाच माहीत नसतं. काल एक जण वांग्याच्या वावरात उतरला. शेतकरी म्हणाला, आता आलाच आहेस तर तोडणीला लाग. मीही लागलो. वांगी छान होती.

पैलवानाचा डबा म्हटल्यावर आक्काबाईंनी हातातलं निवडणं बाजूला सारलं. झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "विहीणबाईंना कळतंय, ताकद कुणाला लागती ते." पैलवानाने बसल्या जागी दोन उडवले. तिसऱ्याला हात घातला तेव्हा मी डबा ओढला, म्हटलं रोज दोनच, मावशीचा हुकूम आहे. वाटेकरी नको हा निरोपही सगळ्यांसमोर सांगितला. आक्काबाई म्हणाल्या, "आमी कशाला वाटेकरी व्हतोय."

सविताताई दारात उभी होती. तिला तिथूनच वास आला. म्हणाली, "आईनं हळीव घातलंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझी आठवण आली असणार.

बारशाला नाव इंद्रायणी ठेवलंय. आत्या नसल्यामुळे कानात नाव शेजारच्या बाईने सांगितलं. घुगऱ्या मीही खाल्ल्या.

आदिनाथ


बेडसे
९ मार्च

आदिनाथ, आशीर्वाद.

तोंडात एक दात न्हाई अन् दोन लाडू उडवले म्हणतोस. तुझी थट्टा जाणार न्हाई. मी एकटीच हसत बसले, तर शेजारीण आत डोकावून गेली, हिला काय झालं म्हणून.

विहीणबाई तसं बोलल्या हे वाचून बरं वाटलं. तुला सांगते, पोरगी झाली म्हणून त्यांचं तोंड वाकडं झालं असंल, असं माझ्या मनात व्हतं. त्या तसल्या न्हाईत तर. उगीच मी मनात घोर घेऊन बसले.

दुसरा डबा धाडलाय. त्यात लाडू हायत, तुपाची बरणी हाय. अंडी येगळी बांधलीत, भुश्यात. गावरान हायत, फोडू नकोस. अंगात रक्त भरायला पायजे. अन् आता मी विचारते ते नीट वाच. दूध पुरतंय का? हे विचारून मला लिव्ह. पत्रात पयलं हे लिव्ह, मग पंखवाल्यांचं काय लिवायचं ते लिव्ह. तुझ्या आईला तुझ्या येळंला दूध न्हवतं. तू शेळीच्या दुधावर वाढलास, म्हणून असा या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत फिरतोस असं आमचे आबा म्हणायचे. माझा इश्वास न्हाई, पण तुझ्याकडं बघून वाटतं खरं.

मावशी


कामशेत
१७ मार्च

मावशी,

पयलं दुधाचं. पुरत नव्हतं. म्हणून दाजींनी वरून लिटरभर जास्तीचं लावलंय आणि ते सगळं पैलवानाच्या पोटात जातं. त्यामुळे आता काळजी नाही.

अंडी एकही फुटली नाही. आक्काबाई रोज सकाळी दुधात कच्चीच फोडून देतात. लाडू, त्यावर ते दूध, आणि दुपारी मटण असेल तर त्यातली नळी. वजन चांगलंच वाढलंय. मांड्या बघशील तर घाबरशील. मला परवा उचलून मातीत आपटलं, अजून पाठ धरलीये.

पैलवानाला दात नाहीत असं तुला कुणी सांगितलं? भरतीच्या वेळी पडला तेव्हा पुढचा एक अर्धा तुटला, तेवढाच. बाकी सगळे शाबूत आहेत.

खाण्याचे नियम मात्र वाढत चाललेत. शेपूची भाजी घरात शिजली की तो अंगणात जाऊन बसतो. ती बाळंतिणीची भाजी, बाप्याने वाससुद्धा घ्यायचा नाही. वरणभातही बंद, त्याने माणूस मऊ पडतो. मी विचारलं, मग मोठमोठे आचारी पंगतीला वरणभात का वाढतात, सगळा गाव मऊ पडेल की. आक्काबाई म्हणाल्या, "तू तुझं बघ, पोरा. तुझ्याकडं बघून कळतंय काय खाऊन वाढलास." सगळ्यांना त्या शेळीचं कुठून कळलं कोण जाणे.

इकडे वारा पडलाय, उडणारे सगळे चहा पीत बसलेत. बहुतेक मीही हे काम सोडीन.

आदिनाथ


बेडसे
१८ मार्च

आदिनाथ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग तुझं पयलं पत्र काढून तेबी वाचलं, घोड्यासकट. घोड्याच्या खाली तू लिवलं व्हतंस, विक्की कुस्ती करतो अन् त्याला पैलवान म्हणत्यात. मी तिथं उडी मारली व्हती.

पैलवान म्हंजी माझी नात. डबा तिच्या आईचा. डिंक, हळीव, तूप, अंडी, समदं बाळंतिणीचं, माझ्या सविताचं. विक्कीला लाडू धाडायला तो माझा कोण?

अन् वाटेकरी नको म्हणून मीच सांगून बसले.

आजच्या आज कुरवंड्याला जा. सविता काय खाती ते डोळ्यानं बघ, तिला इचारू नकोस, ती खोटं सांगंल. तिच्या अंगावर दूध हाय का, पोरीचं पोट भरतंय का, ते आक्काबाईला न्हाई, नर्सबाईला इचार. मला उठता येत असतं तर मी तुला सांगत बसले नसते.

मावशी


कुरवंडे
२१ मार्च

मावशी,

वाटेत कुठेही थांबलो नाही. हे पत्र ताईच्या ओट्यावर बसून लिहितोय.

आधी तू विचारलंस ते. दूध आहे, पण कमी. पोरगी रात्री रडते. मी पहिल्यांदा आलो तेव्हा फार रडत नाही म्हणून लिहिलं होतं, तेव्हा नव्हतीच रडत. नर्सबाई म्हणाली वजन वाढायला हवं तेवढं वाढलं नाही, आणि ताईच्या अंगात रक्त कमी आहे, गोळ्या दिल्यात. "गोळ्यांनी काय होणार, पोटात काही गेलं पाहिजे," असंही म्हणाली. सव्वा महिना अजून सरला नाही आणि ताई चुलीपुढे भाकरी थापत होती. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर ती जेवली. पातळ डाळ, भात, शेपू. मटणाचं रिकामं पातेलं तिने भाकरीच्या तुकड्याने पुसून खाल्लं, ते बघितलं. बाळंतिणीला जड सोसत नाही म्हणतात घरात.

मी भांडी घासायच्या दगडाशी तिला गाठलं. म्हटलं, "ताई, तो डबा तुझा होता. मावशी पैलवान म्हणते ती इंद्रायणीला."

तिचे हात थांबले. म्हणाली, "हळिवाचा वास आला तेव्हा मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास पैलवानासाठी, वाटेकरी नको. मला वाटलं आईनं मुद्दाम भावजींसाठी पाठवलं. मुलगी झाली, तर घरातल्यांची मर्जी राहावी म्हणून."

मावशी, हे मला लिहायलाही बरं वाटत नाही, पण तू डोळ्याने बघ म्हणालीस तसं कानाने ऐकलेलंही लिहितो.

मग आक्काबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. आधी हसल्या. मग त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, "म्हंजी माझ्या पोरानं महिनाभर बाळंतिणीचं खाल्लं?"

"हो."

"हे भाईर बोलू नकोस. जत्रा तोंडावर आलीय, पोरं त्याला बाळंतीण म्हणत्याल."

"नाही बोलत. पण उरलेले लाडू ताईला द्या."

"आता मधीच तोडून कसं चालंल? लागू पडलंय ते त्याला. अंग उतरलं म्हंजी? हिला काय, ही घरातच हाय. हिला कुठं कुस्ती खेळायचीय."

दाजी संध्याकाळी आले. त्यांनाही सांगितलं. ते वायरची गुंडाळी करत म्हणाले, "आईचं पण बरोबर आहे. जत्रेपर्यंत राहू दे. नंतर बघू." माणूस वाईट नाही. पण बायकोला भूक लागत असेल हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही असं वाटलं.

शेवटी मी विक्कीकडे गेलो. तो मातीत जोर मारत होता. मी कडेला बसलो, म्हटलं, "पैलवान, एक सांगायचंय. त्या लाडवात हळीव आहे."

"मग?"

"हळिवाने पान्हा फुटतो. बाळंतिणीला त्याच्यासाठीच देतात."

तो उठून बसला. "बाप्याला कुटं फुटतो का?"

"साध्या बाप्याला नाही. पण ज्याची छाती भरलेली असते त्याचं सांगता येत नाही."

त्याने स्वतःच्या छातीकडे बघितलं. मग इकडेतिकडे बघून बोटाने दाबून बघितलं. म्हणाला, "परवापासनं हितं दुखतंय, आदी."

"जोर मारून दुखत असेल."

"तू काय डॉक्टर हायस व्हय?"

आणि तो तसाच मातीने माखलेला आत गेला, डबा आणला, ताईपुढे ठेवला. म्हणाला, "वयनी, हे तुमचं हाय. आईला सांगू नका मी का दिलं." आक्काबाई बघत राहिल्या. ताईने एक लाडू तिथेच उभ्याने खाल्ला, मग बसून दुसरा.

आता सांग, काम झालं की नाही.

आदिनाथ


बेडसे
२५ मार्च

आदिनाथ,

काम झालं. अर्धं.

लाडू तिला मिळालं ते चांगलं झालं. पण अंडी कुणाच्या ताटात हायत? तूप कुणाच्या भाकरीवर पडतंय? तू पोराला भ्या घालून लाडू बायकी करून ठेवलास. म्हंजी आता लाडू तेवढं बाईचं अन् बाकी समदं बाप्याचं. उद्या अंडी मागायची तर काय सांगणार, अंड्यानं मिशा झडत्यात म्हणून? परवा मटणाचं काय सांगणार? तू सांगून थकशील अन् ती उपाशीच राहंल. हळिवानं बाप्याला काय व्हत न्हाई, हे त्याला जाऊन सांग. उगीच छाती दाबत बसंल.

मी लय इचार केला. आक्काबाईला दोन ओळी लिहाव्या असं वाटलं. लिवल्या, फाडल्या. त्यांना वाटतं बाईला ताकद लागत न्हाई. आपल्या घरीबी नळी बापाच्याच ताटात पडायची, सविताला वाटलं असंल सगळीकडं असंच असतंय. तवा आता बोलायचं ते तिलाच बोलावं लागंल. तू मधी पडू नकोस, दाजीबी नको.

सोबत घडी घातलेला येगळा कागद हाय, तेवढा तिला दे. माझ्या अक्षरात तिला वाचू दे, तू वाचून दाखवू नकोस, तू मधीच घोडा घालशील.

सविता, मी तुला कुणाची मर्जी राखायला दिली न्हाई. भूक लागली तर भूक लागली म्हण. त्याला दुसरं कारण लागत न्हाई. पोरगी हाय म्हणून न्हाई, दुधासाठी म्हणून न्हाई. भूक लागली म्हणून.

आई


कुरवंडे
६ एप्रिल

प्रिय आई,

आदिनाथने तुझा कागद घडी न उघडता माझ्या हातात दिला. तो दोन दिवस उशाखाली होता. मी नीट वाचला.

जत्रेच्या आदल्या दिवशी घरी मटण केलं होतं. मीच केलं. भावजी, हे आणि आदिनाथ जेवायला बसले. आत्याबाई आपल्या लेकांना वाढत होत्या. मी इंद्रायणीला पाळण्यात टाकलं, माझं ताट घेतलं आणि भावजींच्या शेजारी जाऊन बसले. काय करतेय हे मलाच नीट कळत नव्हतं.

म्हटलं, "आत्याबाई, मला पण वाढा."

त्या म्हणाल्या, "बाप्यांचं होऊ दे की. पळून चाललंय का?"

"मला भूक लागलीय."

"उद्या त्याची कुस्ती हाय, सविता."

"हो. मला आत्ता भूक लागलीय."

दुसरं काही मला सुचलंच नाही. पोरीला दूध कमी पडतं म्हणणार होते, नर्सबाईंचं नाव घेणार होते, पण तुझा कागद डोळ्यापुढे होता. आदिनाथ काहीतरी सांगायला लागला, त्याला म्हटलं, "तू गप्प बस." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, जसं काही मी घरात आत्ताच आले. मग म्हणाले, "वाढ की आई. मघापासून हीच चुलीपुढं होती." आत्याबाईंनी वाढलं. पळी पातेल्यावर आपटून वाढलं, पण वाढलं. भावजी थोडे सरकले. त्यांच्या ताटातली नळी उचलून त्यांनी माझ्या ताटात ठेवली, वर न बघता. म्हणाले, "मला चोखायला आवडत न्हाई तशीबी. समदे देत्यात म्हणून घेतो."

कुस्तीत भावजी हरले. पहिल्या दोन जिंकले, तिसरीत समोरचा कर्जतचा पोरगा होता, त्याने पाठ लावली. आत्याबाई माझ्याशी बोलायच्या थांबल्या. शेजारी सांगत होत्या, नळी वाटली गेली आणि घात झाला, शिवाय आधी महिनाभर बायकी लाडू पोटात गेलेले. ते लाडू त्याला लागू पडलेत म्हणून महिनाभर त्याच सांगत होत्या. भावजींनी ते ऐकलं. म्हणाले, "आई, तो माझ्यापेक्षा बरा खेळला. बास." आणि बरणी मागून घेऊन त्यांनी लोणचं खाल्लं, कितीतरी दिवसांनी. जत्रा संपली म्हणून खाल्लं की दुसऱ्या कशाने, ते काही बोलले नाहीत.

इंद्रायणी आता रात्री दोनदाच उठते. नर्सबाई म्हणाली वजन सुधारतंय. तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं की तिला घेऊन येते. ह्यांना विचारलं नाही अजून, सांगेन.

आदिनाथ परवा निघून गेला. घोडेवाल्याकडे जातो म्हणाला, पण गेला दुसऱ्याच दिशेने.

आत्याबाई अजून बोलत नाहीत. आज सकाळी भावजींना अंडं उकडून दिलं, मग माझ्या ताटात एक ठेवलं आणि तोंड फिरवून चुलीकडे वळल्या. मी ते खाल्लं आणि अजून एक मागितलं.

तुझी
सविता